तांदळाच्या पिंपातली क्लॅरेट

दादा, आज तुझा दहावा झाला. कावळा लगेच शिवला म्हणे. तुझा पुतण्या माधव मुसी नदीवरून आला तो अंगणातूनच सांगत आला, "आत्या, पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा हजर! काकांची काही इच्छाच राहिली नव्हती." शेजारच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला, तृप्त गेले म्हणाल्या. मी मान हलवली. पण मनातून तुझा असा संताप आला म्हणून सांगू! जेवायला ये म्हणून हाका मारून माझा घसा कोरडा पडायचा, तेव्हा कधी तू वेळेवर आला नाहीस. आणि आज एवढी घाई? जाता जाता मला एक प्रश्न विचारून ठेवलास, त्याच्या उत्तराला थांबला नाहीस, आणि वर कावळाही लगेच?

तेव्हा उत्तर आता लिहूनच देते. लिहायला तूच शिकवलंस, शुद्धलेखनाच्या चुका काढू नकोस.

समाचाराला आलेली माणसं तुझ्याबद्दल काय काय बोलत होती. उर्दू अक्षर मोत्यासारखं, स्वभाव लोण्यासारखा, कुणाला दुखावलं म्हणून नाही. कुणी म्हणजे कुणी तुझ्या नाकाचं नाव काढलं नाही. ओसरीवर पेपर वाचत तू आत हाक द्यायचास, "कुसे, डाळ लागायला आली." लागली असं नव्हे, लागायला आली. मी धावत जाऊन बघावं तर खरंच, आणखी क्षणभर गेला असता तर खरपुडी धरली असती. मी गोडा मसाला भाजायला बसले की तू फाटकातूनच सांगायचास, दगडफूल जास्त पडलं. चाखायच्या आधीच नावं ठेवायची! मी चिडायचे, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप थोडे धने वाढवायचे.

ते नाक तुला कुठे घेऊन जाणार आहे हे तेव्हा कुणाला माहीत होतं? तू नवाबसाहेबांच्या देवडीवर, म्हणजे त्यांच्या हवेलीवर, चिटणीस. काम कागदांचं. नवाबसाहेबांचं नाक एका तापात कायमचं गेलेलं, बिर्याणी आणि भुसा त्यांना सारखाच. आणि देवडीवर सदा साहेबलोकांच्या मेजवान्या, फ्रान्सहून मुंबईमार्गे वाइनच्या पेट्या यायच्या. बाटली बिघडलेली निघाली तर पाहुण्यांना कळणार आणि यजमानाला कळणार नाही, ही त्यांची नाचक्की. एक दिवस तू सहीला कागद पुढे करता करता बोलून गेलास की हुजूर, आजच्या अत्तरात भेसळ आहे. झालं! "पंडितजी, आज से हमारी नाक आप." तू हात जोडलेस, ब्राह्मण आहे, पीत नाही म्हणालास. ते म्हणाले, "इसी वास्ते तो! पीनेवाले का क्या भरोसा? दूसरे प्याले के बाद उनो हर चीज को अच्छा बोलते." आणि पान थुंकायचं चांदीचं उगालदान तुझ्यासमोर सरकवलं. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा. विलायतेतले जाणकारही असंच करतात म्हणे.

घरी आलास तो तोंड पाडून. पण आईपासून लपवलं नाहीस. आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तुला समोर बसवून म्हणाली, "नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. पण घशाखाली एक थेंब जरी उतरला, तर माझ्या चितेला हात लावायचा नाही." तू तिच्या पायांवर हात ठेवून शब्द दिलास. मग तिने नियम घातला. देवडीवर चाखणं झालं असेल त्या दिवशी मागच्या दाराने यायचं, कढीपत्त्याच्या झाडाखाली मिठाच्या पाण्याच्या चुळा भरायच्या, अंगावर पाणी घ्यायचं, मगच आत. तांब्या घेऊन उभं राहायचं काम माझं.

मला ते काम आवडायचं, दादा. हे तुला कधी सांगितलं नाही. सोळाव्या वर्षी कपाळ पुसून मी या घरी परत आले. केस काढायला न्हावी बोलावला होता तेव्हा तू उंबऱ्यात आडवा बसलास आणि म्हणालास, आधी माझे काढा. त्याबद्दलही तुला कधी काही बोलले नाही, बोलता आलं नाही. पण केस राहिले तरी जग कुठे होतं मला? स्वयंपाकघर, तुळस, आणि काचीगुड्याच्या स्टेशनातून येणाऱ्या शिट्ट्या. संध्याकाळी तू मागच्या दारी यायचास आणि चुळा भरता भरता आज काय चाखलं ते सांगायचास. मी फटकून म्हणायचे, "आधी थुंक, मग बोल." पण कान तुझ्याकडेच असायचे.

एकदा मी विचारलं, त्या लाल पाण्यात एवढं असतं तरी काय रे? तू तांब्या खाली ठेवलास आणि झाडाखालीच ऐसपैस बसलास.

"तुझा गोडा मसाला असतो ना, तसंच. बोर्दोकडची वाइन, साहेब तिला क्लॅरेट म्हणतात, ती एका द्राक्षाची नसतेच. एक असतं कॅबर्ने. ताठ, तुरट, एकटं प्यालं तर अंगावर येतं. दुसरं मर्लो. मऊ, गोलसर, एकटं सोडलं तर लोळत पडेल. त्यात आणखी एखादं चिमटीभर. नुसतं दगडफूल कुणी खाईल का? नुसते धने? पण भाजून, कुटून, बरणीत मुरू दिलं की सगळी आपापलं नाव विसरतात."

"ताठ आणि अंगावर येणारं म्हणजे मी वाटतं?"

"हौ. तू कॅबर्ने, मी मर्लो."

"म्हणजे लोळत पडतो हे कबूल आहे तर," मी म्हणाले, आणि तू इतका हसलास की आई आतून ओरडली, चुळा भरतोय की तमाशा करतोय.

त्याच दिवशी तू मला शेवट म्हणजे काय ते सांगितलंस. वाइनची परीक्षा तोंडात असताना होत नाही, गेल्यावर होते. थुंकून टाकली, की मग गप्प बसायचं आणि मागे काय राहतं, किती वेळ राहतं ते बघायचं. "इथे," म्हणून कानाखाली जबड्याच्या मागे बोट ठेवलंस. हलकी वाइन लगेच निघून जाते. चांगली रेंगाळते. तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, मागे राहते म्हणतोस, मग गेलीच की आत! आईला दिलेला शब्द कुठे राहिला? तू म्हणालास, चव पोटात जात नाही, डोक्यात जाते. मी म्हटलं, मग डोकं बाटलं तुझं. आई गेली, तू तिच्या चितेला अग्नी दिलास ताठ मानेने, आणि तरीही हे भांडण आपण वर्षानुवर्षं चालवलं. आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं.

मग ते वाईट दिवस आले. देश स्वतंत्र झाला, आणि आपण संस्थानातले मात्र कुठलेच नव्हतो. दंगलीच्या धास्तीने गल्लीतली अर्धी घरं कुलपं लावून सोलापूर-पुण्याला गेली. नवाबसाहेबांनी न सांगता आपल्या दारात त्यांचा म्हातारा चाऊस आणून बसवला, तो अरब पहारेकरी, कमरेला जंबिया. दिवसभर स्टुलावर बसून माझ्या हातचं ताक प्यायचा. पुढे पोलीस अ‍ॅक्शन झाली, हिंदुस्थानची फौज आली, वारं फिरलं, आणि सगळ्यांनी देवडीकडे पाठ फिरवली तेव्हा तू काय केलंस? टोपी, उपरणं, कपाळाला गंध, आणि देवडीच्या फाटकात खुर्ची टाकून बसलास. मी रडकुंडीला आले. डोक्यात दगड पडला तर? तू चपला घालत म्हणालास, "त्यांचा चाऊस आपल्या दारात बसला तेव्हा हे विचारलं होतंस का त्याला?" आणि गेलास. त्या वेळी तुला लोळणारा मर्लो म्हटल्याचं मला वाईट वाटलं.

जहागिरी गेल्या. गालिचे गेले, झुंबरं गेली, वाइनच्या पेट्या कुणी कुणी उचलून नेल्या. तुझ्या कामाच्या शेवटच्या दिवशी नवाबसाहेबांनी स्वतःच्या हाताने एक बाटली आणून दिली, जुनी, बोर्दोची. म्हणाले, "पंडितजी, उम्रभर हमारे वास्ते थूकते रहे. ये एक थूकना नक्को. वादा करो." आणि तू, वाक्य पुरं व्हायच्या आत, "जी हुजूर, जरूर."

अरे, काय ते तुझं 'जी हुजूर, जरूर'! जन्मभराची सवय. समोरच्याने तोंड उघडलं की तुझं आधी जरूर, मग ऐकणं. या गावात वाढलेल्या माणसाला देणाऱ्याच्या तोंडावर नाही म्हणताच येत नाही, हे मला समजतं. पण निदान कशाला हो म्हणतोय ते तरी! फाटकाबाहेर आल्यावर तुझ्या लक्षात आलं. आईने सांगितलंय गिळायचं नाही, आणि यांना कबूल केलंय थुंकायचं नाही. मग करायचं काय, तोंडात धरून बसायचं?

बाटली घरात आली ती तांदळाच्या पिंपात गेली. घरातली थंड जागा ती, आणि आडवी ठेवायला हवी, बूच ओलं राहायला हवं. मी थयथयाट केला. त्याच तांदळाचा मी नैवेद्य करते! तू म्हणालास, बंद आहे, बाधत नाही. रोज तांदूळ काढताना माझा हात त्या काचेला लागायचा आणि रोज मी तुझ्या नावाने काहीतरी पुटपुटायचे. मी सुचवलं, मुसीत ओत. डॉक्टरांना दे. परत कर. तू प्रत्येक वेळी मान हलवायचास. पुढे नवाबसाहेबही गेले. मला वाटलं, चला, सुटलास. तू म्हणालास, "आता तर अजिबात नाही. जिवंत माणसाकडून शब्द परत मागून घेता येतो. गेलेल्याकडून कसा मागणार?" आई एकीकडे, नवाब एकीकडे, आणि मधे पिंपात तू.

या वर्षी आपलं दुसरं भांडण झालं तेही अर्धंच राहिलं. आपल्या राज्याचे तीन तुकडे करून ज्याच्या त्याच्या भाषेला देणार असं ठरलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. मराठी माणसांनी मराठीत राहावं, यात वाईट काय? तू उदास झालास. मिश्रणातलं एक काढून घेतलं की बाकीचं कमी होत नाही, निराळंच होतं, असं म्हणत राहिलास. मी म्हटलं, वाइनचं तत्त्वज्ञान राज्याला लावू नकोस, ज्यांच्या डोक्यावर दगड पडले त्यांना विचार. तू पेपर तोंडापुढे धरलास, कारण तेही खरं होतं. आता माधव म्हणतो, आत्या, परभणीला चल, आपला मुलूख आता मुंबई राज्यात गेला. मी अजून हो म्हटलेलं नाही. दूधवाल्याशी तेलुगूत हुज्जत घातल्याशिवाय माझी सकाळ होत नाही, हे त्याला कसं सांगू?

आणि मग तुझा घसा. जन्मभर ज्याच्यावर पहारा ठेवलास, तोच उलटला. अफझलगंजच्या दवाखान्यात रेडियमचे शेक दिले, त्यांनी गाठ गेली नाहीच, पण जिभेची चव गेली. गोड की खारट कळेना. वासही गेला. डाळ खरोखर लागली, करपली, घरभर धूर झाला, आणि तू ओसरीवर शांत पेपर वाचत होतास. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. शेवटी तर पाणीही चमच्याने, आणि तेही निम्मं बाहेर.

त्या दुपारी तू खुणेने मला जवळ बोलावलंस. आवाज अगदी खोल गेला होता.

"कुसे, बाटली काढ."

मी भडकले. मला लपवता आलं नाही. "आता? जीभ होती तेव्हा पिंपात ठेवलीस, आता पाणी उतरत नाही तेव्हा बाटली हवी? काय करणार आहेस तिचं?"

"मला नको. तू घे."

"मी? डोकं फिरलंय का तुझं? मी सोवळ्यातली बाई."

"आईने तुला शपथ घातली होती?"

खरंच नव्हती घातली, दादा. मला कुणी कधी कसलीच शपथ घातली नव्हती. माझ्यासमोर कुणी काही आणून ठेवेल, असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"आई म्हणाली मी गिळू नये," तू थांबत थांबत म्हणालास, "मी गिळत नाही. हुजूर म्हणाले, थुंकू नये. तू थुंकू नकोस. झालं की नाही?"

"देवडी सुटल्यावर वकिलाकडे कारकुनी करून एवढंच शिकलास," मी म्हणाले. पण उठले.

बाटली पुसली. देवडीवरून आणलेला तुझा स्क्रू बुचात घातला तर बूच मधेच मोडलं, उरलेलं आत पडलं. तू डोळ्यांनी सांगितलंस, गाळ. मी श्रीखंडाच्या चक्क्याचं मलमल धुऊन आणलं आणि हळूहळू ओतलं, साका बाटलीतच राहू दिला. घरात तसला पेला कुठला? पाहुण्यांना सरबत द्यायचा काचेचा होता, तो घेतला. खिडकीशी धरला. काठाला रंग विटेसारखा झाला होता, आत अजून गडद लाल. देवाकडे पाठ करून बसले आणि पहिला घोट घेतला.

"आंबट आहे," मी म्हणाले. "चिंचेने घासलेल्या भांड्यासारखी. गेली रे ही, एवढा उन्हाळा सोसून गेली."

तू हात उचललास. थांब. हवा लागू दे.

आपण थांबलो. तीच दुपार मला सारखी आठवते. स्टेशनात गाडी आली, गेली. पेला तुझ्या उशाशी होता. तू डोळे मिटून पडला होतास, पण झोपला नव्हतास. मग बोटाने खूण केलीस आणि मी दुसरा घोट घेतला. तू जसं करायचास तसा फिरवला, तोंडात धरला.

आणि आंबटपणा मागे सरकला होता. "जांभूळ," मी तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, आणि दचकून गिळलं. गेलं, घशाखाली गेलं. "पिकलेलं जांभूळ. नाही, जांभूळ खाऊन झाल्यावर जीभ जड होते ना, ते. मग सहाणेवरचं चंदन. माधव लहान असताना पेन्सिल तासायचा, तो वास. आणि सुकलेली पानं, ओली होऊन सुकलेली."

तुझ्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. "मर्लो आहे अंगात?"

"तुझा मर्लो मी काय ओळखणार?"

तू थोडा वेळ विचार केलास. मग विचारलंस, "धने पुढे येतात की दगडफूल?"

"धने पुढे," मी लगेच म्हणाले. "दगडफूल मागून येतं. जास्त नाही पडलेलं."

"मग बरोबर आहे," तू म्हणालास. तू असा हसलास, जसा कढीपत्त्याखाली हसायचास. इतकी वर्षं मागच्या दारी तू मला चव सांगितलीस, आणि शेवटी मी तुला सांगितली. तुझ्या तोंडात थेंबही गेला नाही. ओठांवर लावू का विचारलं, तर नको म्हणालास.

मग तू तो प्रश्न विचारलास. "आणि शेवट? किती राहतो?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला हुंदका आला. पुरे आता, झोप म्हणाले. तू झोपलास. उठलास तो आवाज पूर्ण गेलेलाच होता, नुसतं बघत राहायचास माझ्याकडे, आणि मला कळत होतं तू काय विचारतोयस, पण ती चव अजून गेलीच नव्हती तर सांगणार काय? एक-दोन दिवसांत संपेल, मग सांगू, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तू गेलास. तुझ्या तोंडात मी गंगाजळ घातलं, तेही आत गेलं नाही. आईला दिलेला शब्द तू अगदी अखेरपर्यंत पाळलास, जरा जास्तच पाळलास.

माधवला काल पिंपात उरलेली बाटली सापडली. "आत्या, हे काय?" मी म्हटलं, काकांचं औषध. टाकून देऊ का म्हणाला. मी असं बघितलं त्याच्याकडे की तो मुकाट्याने पिंपाचं झाकण लावून गेला.

तर दादा, उत्तर ऐक. आधी तुरटपणा गेला. मग जांभूळ गेलं. पेन्सिल आणि पानं तुझ्या उशाशी बसले होते तोवर होती. चंदन जाईल असं वाटलं होतं. त्यानंतर तुझ्या चितेचा धूर अंगाला लागला, शेजारणींनी आणलेला पिठलं-भात गिळला, लोकांच्या हातचा चहा प्याले, कडुनिंब चावला. आईला सांग, तू गिळलं नाहीस. नवाबसाहेबांना आदाब सांग आणि सांग की थुंकलं नाही. आणि तू बोट ठेवायचास ना, कानाखाली जबड्याच्या मागे, तिथे आज दहाव्याचं जेवण जेवून उठले तरी चंदन अजून आहे.